पत्रांतील हरवलेला कर्ता

चांगलें लिहिणें हा गुण केवळ कवींचा व ग्रंथकारांचा, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित समाजांत रूढ आहे. कचेरींत, बँकेंत किंवा पेढीवर बसून दिवसाकाठीं दहा-वीस पत्रें लिहिणारा मनुष्य स्वतःस लेखक मानीत नाहीं, आणि त्यास तसें कोणी म्हणतही नाहीं. वास्तविक पाहतां कादंबरी वाईट निघाली, तर वाचक ती मिटून ठेवूं शकतो. परंतु पेन्शनीचें पत्र समजलें नाहीं, तर एखाद्या विधवेस तालुक्याच्या गांवीं चार खेपा घालाव्या लागतात. ज्या लेखनावर दुसऱ्याची भाकर अवलंबून असते, तें सुधारावें कसें, हा प्रश्न निव्वळ भाषेचा आहे कीं नीतीचाही आहे, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नेहमींच्या पाहण्यांतील एक वाक्य घेऊं: “आपल्या अर्जासंबंधीं योग्य ती कार्यवाही करण्यांत येत आहे, असें आपणांस कळविण्यांत येतें.” यांत व्याकरणाची चूक नाहीं, आणि शब्दही कांहीं दुर्बोध नाहींत. तथापि कार्यवाही कोण करीत आहे, ती कोणती, व केव्हां संपेल, यांपैकीं एकही गोष्ट वाचणारास कळत नाहीं. मराठीच्या जुन्या कर्मणि प्रयोगांत कर्ता असा लपत नाहीं. “आम्हीं विनंती नाकारली” या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणें चालतें, पण नाकारणारा समोर उभा असतो. “नाकारण्यांत आली” या धाटणींत मात्र त्यास सहज वगळतां येतें. ती धाटणी कचेऱ्यांस इतकी प्रिय व्हावी, यांत नवल नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, कचेरी ही व्यक्ति नव्हे. कारकून येतात आणि जातात, संस्था राहते. पत्रांत ‘मी’ आला कीं त्याच्यामागून रागलोभही येतात. हा आक्षेप खोटा नाहीं. अधिकाऱ्याच्या लेखणींत आपपरभाव नसावा, हें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. परंतु निःपक्षपात निराळा व निनांवीपणा निराळा. पहिल्यानें अर्जदाराचें रक्षण होतें, दुसऱ्यानें लिहिणाराचें.

राज्यकारभाराची भाषा स्वभावतःच मोघम असते, असेंही नाहीं. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत चिपळूण प्रांतीं छावणीस असलेल्या सैन्याच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस शिवाजी महाराजांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याची बेगमी आतांच उधळली, तर पुढें घोडीं उपाशीं मरतील, आणि मग तीं तुम्हींच मारलीं असें होईल. कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकर, गवत, भाजी लोक नेऊं लागले, तर रयत परागंदा होईल व मोगलांहूनही तुम्ही वाईट असें तिला वाटेल. रात्रीं दिवा जळत राहिला, तर उंदीर वात ओढून नेईल व गवत पेटेल. येथपर्यंत तपशील त्यांत आहे. पत्र राजाज्ञेचें आहे, पण आज्ञेचें कारण सांगण्यांत कमीपणा मानलेला नाहीं, आणि दोष घडल्यास तो कोणाचा, हेंही संदिग्ध ठेवलेलें नाहीं.

आपल्या काळांतील कायद्यानेंही हेंच तत्त्व मान्य केलें आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याप्रमाणें माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्यास नकाराचें कारण, अपिलाची मुदत, व अपील कोणाकडे करावयाचें, हें अर्जदारास कळवावें लागतें. प्रशासकीय निर्णयांची झळ ज्यांस पोंचते, त्यांस त्या निर्णयांचीं कारणें देणें हेंही त्याच कायद्यानें सार्वजनिक कार्यालयांचें कर्तव्य ठरविलें आहे. म्हणजे कारण सांगणें ही मेहेरबानी नसून तें एक देणें आहे.

तरीही सर्व दोष मसुदा करणाराच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. मोघम वाक्याचा जाब कोणी विचारीत नाहीं. स्पष्ट वाक्य मात्र उद्यां लिहिणाराच्याच विरुद्ध पुराव्यादाखल पुढें येतें. स्पष्ट लिहिणाऱ्या कनिष्ठास वरिष्ठ एकटा पाडीत असतील, तर लेखनाचे कितीही वर्ग भरविले तरी व्यर्थ होत. हाताखालच्या माणसांच्या भाषेस धैर्य यावें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं प्रथम अशा पत्राखालीं आपली सही करून दाखवावी.

आरंभींच्या वाक्याऐवजीं त्या विधवेस असें लिहितां येईल: “आपल्या अर्जास पतीच्या मृत्यूचा दाखला जोडलेला नाहीं. तो ३० जूनपर्यंत या कचेरींत पोंचवावा. दाखला मिळाल्यापासून आठ दिवसांचे आंत मी निर्णय कळवीन.” हें लिहिण्यास भाषाप्रभुत्व लागत नाहीं, अर्ज वाचावा लागतो, उणीव शोधावी लागते, व स्वतःस तारखेनें बांधून घ्यावें लागतें. मसुदा यंत्राकडून करवून घेण्याची सोय आतां झाली आहे. यंत्र गुळगुळीत वाक्यें देईल. आठ दिवसांचें वचन पाळणें मात्र सही करणाराकडेच राहील.

म्हणून व्यवहारांतील लेखन सुधारूं इच्छिणाऱ्या तरुणांस आमची सूचना एवढीच कीं, पत्र पाठविण्यापूर्वीं त्यांतील प्रत्येक क्रियापदास त्यांनीं “कोणी?” असें विचारावें. उत्तर लिहिण्याचा धीर होत नसेल, तर दोष बहुधा शब्दांत नसून ज्या कृत्याविषयीं आपण लिहीत आहों, त्या कृत्यांतच असतो. अशा वेळीं लेखणी खालीं ठेवून आधीं तें कृत्य नीट करावें. पत्र मग फारसें अवघड जात नाहीं.