वापरून सोडलेले पाणी

वसईच्या वाड्यांतून रहाटाची करकर ऐकू येईनाशी झाली, त्याला आता कितीतरी वर्षे लोटली. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना आठवत असेल : जनावर गोल फिरे, बावखलातले पाणी गाडग्यागाडग्याने वर येई, पन्हळीतून पाटात आणि पाटातून केळीच्या व पानवेलीच्या मुळांशी जाई. न्हाणीचे पाणीदेखील परसातल्या अळवाला मिळे. जे पाणी जमिनीतून येई ते बहुतांशी त्याच जमिनीत परत जाई. आमचे पूर्वज आमच्याहून अधिक पुण्यवान होते म्हणून असे घडे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. माणसे थोडी होती, आणि जनावराच्या बळावर दिवसभरात उपसता येईल तेवढेच पाणी उपसले जाई. त्यांचा संयम बराचसा परिस्थितीने लादलेला होता.

ही आठवण आम्ही काढली ती गतकाळाविषयी हळहळण्यासाठी नव्हे. तिच्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो आम्हांस बरेच दिवस सतावीत आहे. पाणी वापरून झाले, मोरीतून निघून गेले, म्हणजे त्याच्याशी असलेले आपले नाते संपते काय?

वापरण्यापूर्वीच्या पाण्याविषयी वसईने पुष्कळ विचार केलेला आहे. विजेचे पंप आले, त्यांच्यामागून टँकर आले. नव्या इमारतींना पाणी हवे होते आणि ते आमच्या विहिरींत होते. आमच्यापैकीच काहींनी ते विकले. ‘माझ्या जमिनीखालचे पाणी माझे’, असे ते म्हणत. आणि खरे सांगायचे तर कायद्याचा आधार त्यांना होता. १८८२ सालच्या सुविधाधिकाराच्या कायद्यात, निश्चित प्रवाहात वाहत नसलेले भूगर्भातील पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा जमीनमालकाचा हक्क मान्य केलेला आहे.

परंतु भूगर्भाला सातबारा ठाऊक नाही. आमच्या पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा. अशा किनारपट्टीत जमिनीखालचे गोडे पाणी जड अशा खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. शास्त्रज्ञ स्थूलमानाने असा हिशेब देतात की, समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस फूट असते. म्हणजेच उपशाने वरची पातळी एक फूट उतरली, तर कालांतराने खालचे खारे पाणी चाळीस फूट वर सरकू शकते. एकाने अमर्याद उपसावे आणि शेजाऱ्याची विहीर मचूळ व्हावी, ही गोष्ट येथे काल्पनिक नाही. १९९०च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी जे आंदोलन उभे केले, त्याच्या मुळाशी पाणी सामाईक आहे ही जाणीव होती. फादर २०२४ साली देवाघरी गेले. सृष्टीतील वस्तू परमेश्वराने सर्वांसाठी निर्मिल्या असून खाजगी मालकी त्या हेतूच्या अधीन आहे, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण त्या दिवसांत आम्हांला पुस्तकाबाहेर भेटली.

मग हीच शिकवण मोरीपाशी येऊन का थांबते? निर्मळ पाण्याविषयी ‘हे आमचे’ असे म्हणणारे आम्ही, तेच पाणी मलिन झाल्यावर ‘ते आमचे’ असे कधीच म्हणत नाही. वाळूमिश्रित जमिनीत शोषखड्डा खणतो आणि पंचवीस-तीस पावलांवर शेजाऱ्याची विहीर आहे हे विसरतो. ज्या वाळूतून पावसाचे पाणी झिरपून विहिरीला मिळते, त्याच वाळूतून शौचालयाचे पाणीही झिरपते. गटाराचे तोंड बावखलाकडे वळवतो. वर्ष-दोन वर्षांत त्याला दुर्गंधी येऊ लागली की ‘डास होतात’ या सबबीखाली ते बुजवून टाकतो. जे उरते ते नाल्याने खाडीत जाते, आणि तेथे जाळे टाकणारा कोळी हाही आमच्याच वेदीपाशी येऊन पवित्र भाकर स्वीकारणारा असतो.

पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्राचा आमच्या सभांतून अनेकदा उल्लेख होतो. सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, हा त्यातील विचार सर्वांना आवडतो. त्याच्या लगतच कपडे-भांडी धुण्याच्या रसायनांनी नद्या, सरोवरे आणि समुद्र कसे दूषित होतात याविषयीही लिहिलेले आहे. तो भाग मात्र क्वचितच कोणी वाचून दाखवतो. हक्काची गोष्ट ऐकताना मान आपोआप डोलते, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

आता तर आमचे पाणी आमच्या जमिनीचेही राहिलेले नाही. पालघर जिल्ह्यात धामणी येथे सूर्या नदीवर जे धरण बांधले गेले, ते मुख्यतः सिंचनासाठी. त्या परिसरातील आदिवासी शेतकऱ्यांना आपल्या शेतात पाट येईल अशी आशा होती. त्यातले पाणी शहरांकडे वळवण्याविरुद्ध त्यांनी वेळोवेळी आवाजही उठवला. तरी सूर्या प्रादेशिक योजना दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची आखण्यात आली आणि त्यातले १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी ठरले. टँकरच्या दिवसांत आमचे पाणी बाहेर जात होते तेव्हा आम्ही रस्त्यावर उतरलो होतो. दुसऱ्याचे पाणी आमच्याकडे येऊ लागले तेव्हा आम्ही नळजोडणीच्या अर्जांसाठी रांगा लावल्या. यात गुन्हा आहे असे आम्ही म्हणत नाही; तहान सर्वांनाच असते. पण ऋण आहे. पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. म्हणजे त्या १८५ पैकी जवळजवळ १४८ दशलक्ष लिटर घाण होऊन दररोज कोठेतरी जायचे. देशाचा हिशेब याहून निराळा नाही : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार आपल्या शहरांतून दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघते आणि त्यातले केवळ २०,२३६ दशलक्ष लिटर शुद्ध केले जाते.

संदेष्टा यहेज्केल याच्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात परमेश्वर आपल्या कळपातल्या धष्टपुष्ट मेंढरांना जाब विचारतो. त्यांनी निवळ पाणी प्यावे याला त्याची हरकत दिसत नाही. पिऊन झाल्यावर उरलेले पाणी पायांनी गढूळ करून ते दुबळ्या मेंढरांसाठी ठेवावे, यावर त्याचा कोप आहे. आम्ही हा अध्याय लहानपणापासून उत्तम मेंढपाळाच्या संदर्भात ऐकत आलो. त्यातल्या पाण्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले.

कोणी म्हणेल, ‘हे सारे पालिकेचे काम. आम्ही कर भरतो.’ या म्हणण्यात तथ्य आहे. मलनिस्सारणाची वाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र एकट्या कुटुंबाने बांधायचे नसते. परंतु काम दुसऱ्यावर सोपवले म्हणून देणे फिटत नाही. रुग्ण आईची शुश्रूषा परिचारिकेवर सोपवणारा मुलगा ती नीट होते की नाही हे पाहायला येतो, निदान यावे अशी आपली अपेक्षा असते. पाणी आले नाही तर आम्ही मोर्चा काढतो. सांडपाणी शुद्ध न होता खाडीत गेले म्हणून मोर्चा निघाल्याचे आम्हांस आठवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. चाळीच्या एका खोलीत राहणाऱ्या, एक-दोन हंड्यांवर दिवस काढणाऱ्या माणसाला आम्ही कोणत्या तोंडाने हा उपदेश करावा? करू नये, असेच आमचे मत आहे. तो भांडी घासलेल्या पाण्याने लादी पुसतो. आमच्या पूर्वजांची शिस्त त्याच्या घरात अजून नांदते आहे, मग ती नाइलाजाने का असेना. हा प्रश्न ज्यांच्या गच्चीवर टाकी आहे, ज्यांना बागेला पाणी घालता येते आणि मोटार धुता येते, त्यांचा आहे. म्हणजे ही पृष्ठे वाचणाऱ्या बहुतेकांचा, आणि लिहिणाऱ्याचाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरची शौचकूपाची टाकी भरली. ती उपसायला टँकर आला. एके काळी ज्या अरुंद वाटेने पाण्याचे टँकर बाहेर पडत, त्याच वाटेने तो शिरला. तासाभरात काम आटोपले. पैसे देताना आम्ही चालकाला विचारले, ‘दादा, हे आता कुठे नेऊन ओतणार?’ तो हसला आणि म्हणाला, ‘लांब नेतो, साहेब. तुम्हांला वास यायचा नाही.’ आणखी एक प्रश्न विचारता आला असता. आम्ही फाटक लावून घेतले आणि हात धुवायला नळ सोडला.