लक्षणेचे प्रयोजन

अभिधा, लक्षणा व व्यंजना या शब्दाच्या तीन शक्ती विद्यार्थी परीक्षेपुरत्या पाठ करितात आणि पुढे विसरतात. ही परिभाषा काव्यापुरती आहे, व्यवहाराशी तिचा संबंध नाही, अशी सुशिक्षितांचीही समजूत दिसते. आम्हांस ही समजूत नीतिदृष्ट्या घातक वाटते.

लक्षणेचेच उदाहरण घेऊ. 'गंगेवर गवळीवाडा आहे' असे म्हटले असता प्रवाहावर घरे असणे शक्य नाही, म्हणून आपण गंगेचा तीर असा अर्थ घेतो. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेस तीन गोष्टी आवश्यक मानिल्या आहेत: मुख्य अर्थ जुळू नये, नव्या अर्थाचा त्याच्याशी संबंध असावा, आणि तिच्यामागे रूढी किंवा प्रयोजन असावे. या तिसऱ्या अटीतच नीतीचा प्रश्न दडलेला आहे.

तो परळ-लालबागेत स्पष्ट दिसतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर 'गिरण्या बंद पडल्या' असे आपण सहज म्हणतो. परंतु विहीर आटावी तशी गिरणी बंद पडत नाही. ती कोणी तरी बंद करितो किंवा होऊ देतो. साचलेल्या तोट्याने जिचे भागभांडवल व गंगाजळी संपली, अशा कंपनीस १९८५ च्या केंद्रीय कायद्याने 'आजारी' म्हटले. आजाऱ्यास कोणी जाब विचारीत नाही. या एका विशेषणाने हिशेबाचा प्रश्न अनुकंपेचा झाला. यंत्रे जुनी का राहिली, नफा कोठे गेला, हे विचारणे जणू अप्रशस्त ठरले. पुढे १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ मानाने तीन वाटे ठरविले: मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ साली ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच उरली. त्या बदलाचे नाव 'दुरुस्ती'!

लक्षणेवाचून भाषा चालेल काय, असा आक्षेप कोणी घेईल. चालणार नाही, हे उघड आहे. 'भोंगा झाला' म्हणजे पाळीची वेळ झाली. यात कोणाचीच फसवणूक नव्हती. उलट, दोष एकाच पक्षाचा आहे असेही नाही. 'गिरणी संपावर गेली' हीसुद्धा लक्षणाच होय, आणि मनाविरुद्ध घरी बसलेला कामगार तिच्यात झाकला जातो.

तेव्हा लक्षणा टाळणे हा उपाय नव्हे. ती ओळखणे हा होय. प्रयोजनासाठी योजिलेला शब्द नित्य वापराने रूढ होतो, तेव्हा त्याचे प्रयोजन नाहीसे होत नाही; ते केवळ दिसेनासे होते, आणि मग ज्यांचा त्यात काडीचाही लाभ नाही तेही तो शब्द निष्पापपणे उच्चारू लागतात. अशा वेळी 'हे प्रयोजन कोणाचे?' असा प्रश्न ज्यास सुचतो, त्याचे साहित्यशास्त्र परीक्षेनंतरही कामास आले असे आम्ही म्हणू.