पत्र कोणाचं असतं?

अमेरिकेच्या राज्यघटनेत टपालाबद्दल एकच ओळ आहे. पहिल्या कलमाच्या आठव्या विभागात काँग्रेसच्या अधिकारांची यादी येते, त्यात टपाल कचेऱ्या आणि टपालाचे रस्ते स्थापन करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे. थैलीत काय असावं, काय नसावं, एखाद्या राज्याला एखादा मजकूर नकोच असेल तर काय करायचं, याबद्दल तिथे काहीही नाही. घटना लागू झाल्यावर पन्नास वर्षांच्या आत हा प्रश्न उभा राहिला. तो केंद्र विरुद्ध राज्य असा वाद म्हणून इतिहासात नोंदला गेला आहे. मला मात्र वाटतं की त्या वादाखाली एक वेगळा, नैतिक प्रश्न दडलेला होता आणि तो आजही सुटलेला नाही.

१८३५ साली न्यूयॉर्कमधल्या अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटीने एक मोहीम काढली. वाफेवर चालणाऱ्या छापखान्यामुळे छपाई स्वस्त झाली होती. टपालाचे दरही सोयीचे होते. चारशे मैलांपलीकडे एका कागदाचं पत्र पाठवायला २५ सेंट पडत, तर छापील वर्तमानपत्र दीड सेंटात जाई. सोसायटीने गुलामगिरीविरोधी पत्रकं आणि वर्तमानपत्रं हजारोंच्या संख्येने दक्षिणेकडे पाठवली. पत्ते होते तिथल्या प्रतिष्ठित गोऱ्या लोकांचे: पाद्री, राजकारणी, अधिकारी. जुलैच्या अखेरीस ‘कोलंबिया’ नावाची आगबोट हे टपाल घेऊन साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन बंदराला लागली. पोस्टमास्तर आल्फ्रेड ह्यूगर यांनी ते बाकीच्या टपालापासून वेगळं करून कुलुपात ठेवलं. २९ जुलैच्या रात्री जमावाने कचेरी फोडून ते पळवलं. दुसऱ्या रात्री मोठ्या गर्दीसमोर त्याची होळी झाली. सोबत विल्यम लॉइड गॅरिसन आणि आर्थर टॅपन या गुलामगिरीविरोधी नेत्यांचे पुतळेही जाळले.

ह्यूगर यांनी वरिष्ठांना विचारलं, पुढे काय करू? पोस्टमास्टर जनरल आमोस केंडल यांचं उत्तर पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे. त्यांनी आधी मान्य केलं की मजकूर पाहून टपाल अडवण्याचा कायदेशीर अधिकार आपल्याला नाही. मग लिहिलं की तरीही ते पोचवा असा हुकूम मी देणार नाही. कारण असं की कायद्याशी आपलं कर्तव्य असतंच, पण आपण ज्या समाजात राहतो त्याच्याशी त्याहून मोठं कर्तव्य असतं.

संदर्भ बाजूला ठेवला तर हे वाक्य आपल्यापैकी बरेच जण टाळ्या वाजवून स्वीकारतील. कायद्यापेक्षा सदसद्विवेक मोठा, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. गुलामगिरीविरोधकही याच भाषेत बोलत. म्हणून केंडल यांचं वाक्य नुसतं खोटं म्हणून सोडून देता येत नाही. त्यातला एकेक शब्द तपासावा लागतो, आणि तपासताना ‘समाज’ या शब्दापाशी अडायला होतं. १८३० च्या जनगणनेनुसार साउथ कॅरोलिनाच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक माणसं गुलाम होती. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा तिथे १८३४ च्या कायद्याने गुन्हा होता. ज्या समाजाप्रती केंडल मोठं कर्तव्य सांगत होते, त्यात ही निम्म्याहून जास्त माणसं धरलेली नव्हती. पत्रकं त्यांच्याबद्दल होती. ती त्यांच्या हाती पडली असती तरी बहुतेकांना वाचता आली नसती. तरीही ‘समाजाला हे नको आहे’ असं सहज म्हटलं गेलं.

ह्यूगर यांच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. समोर खवळलेला जमाव होता आणि कचेरीत शेकडो इतर लोकांची पत्रं, व्यापाऱ्यांच्या हुंड्या होत्या. एक थैली वेगळी काढून बाकीचं टपाल वाचवणं हा त्या रात्रीपुरता समजण्यासारखा निर्णय आहे. घाबरलेल्या माणसाला मी इथे बसून नावं ठेवणार नाही. पण वॉशिंग्टनमध्ये सुरक्षित बसलेल्या केंडल यांनी त्या भीतीला तत्त्वाचा मुलामा दिला. सबब म्हणून जे एक रात्र चाललं असतं, ते धोरण झालं.

त्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी काँग्रेसकडे मागणी केली की चिथावणीखोर मजकूर दक्षिणेत टपालाने पाठवण्यावर बंदीचा कायदा करा. जॅक्सन स्वतः गुलामांचे मालक. तेव्हा साउथ कॅरोलिनाचे सिनेटर जॉन कॅल्हून हे विधेयक डोक्यावर घेतील असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी विरोध केला. फेब्रुवारी १८३६ मधल्या त्यांच्या अहवालातला युक्तिवाद साधारण असा: काय चिथावणीखोर आहे हे आज काँग्रेस ठरवणार असेल, तर काय चिथावणीखोर नाही हेही उद्या तीच ठरवेल, आणि मग तेच साहित्य आमच्या गळी उतरवेल. त्यांचा पर्याय असा की कोणता मजकूर निषिद्ध हे प्रत्येक राज्याने ठरवावं, आणि केंद्राच्या पोस्टमास्तरांनी त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे तो अडवावा.

युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग मला बिनतोड वाटतो. ज्याच्याकडे अडवायची किल्ली आहे त्याच्याकडे सोडायचीही आहे, आणि किल्ली हातात असलेला माणूस बदलतो. गुलामगिरीच्या कट्टर समर्थकाकडून हे शिकावं लागतं याचा त्रास होतो, पण मुद्दा बरोबर आहे. चूक पुढच्या पावलात आहे. किल्ली केंद्राच्या हातात धोकादायक असेल, तर ती राज्याच्या हातात दिल्याने धोका कसा संपतो, याचं उत्तर कॅल्हून देत नाहीत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि मेसेज एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे पोचवणाऱ्या सिस्टीमवर काम करते. तिथे पाकिटावरचा पत्ता आणि आतला मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मेसेज कुठे न्यायचा हे पत्त्यावरून कळतं, आत डोकवायची गरज नसते. मजकुरावरून काही गाळायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती नियम एकाच जागी ठेवायचे की प्रदेशागणिक वेगळी फाईल ठेवायची याची. प्रदेशागणिक फाईल जास्त लोकशाहीवादी वाटते, कारण तिथलं तिथल्या लोकांना जास्त कळतं. पण दोन्ही रचनांमध्ये आधी एक काम करावंच लागतं: मेसेज उघडून वाचण्याची सोय. ती सोय एकदा झाली की फाईल इकडून तिकडे हलवायला फार वेळ लागत नाही. कॅल्हून आणि जॅक्सन फाईल कुठे ठेवायची यावर भांडत होते. पाकीट उघडण्याबद्दल दोघांचं एकमत होतं.

कॅल्हून यांचं विधेयक जून १८३६ मध्ये सिनेटमध्ये १९ विरुद्ध २५ मतांनी पडलं. पुढच्याच महिन्यात झालेल्या टपाल कायद्यात उलट अशी तरतूद आली की टपाल बेकायदा अडवून ठेवणाऱ्या पोस्टमास्तरला शिक्षा होईल. कागदावर पत्र जिंकलं. व्यवहारात दक्षिणेतले पोस्टमास्तर असा मजकूर अडवतच राहिले, आणि १८५७ मध्ये तर अमेरिकेचे ॲटर्नी जनरल केलेब कुशिंग यांनी तसं करणं योग्य असल्याचं मत दिलं. आणि हेही विसरू नये की १८०२ पासून १८६५ पर्यंत टपाल वाहून नेण्याचं काम फक्त गोऱ्या माणसाला देण्याचा नियम केंद्राच्याच कायद्यात होता. निःपक्षपाती म्हणवणारं टपाल मुळातच किती पक्षपाती होतं, हे त्यावरून कळतं.

राज्यांच्या अधिकाराचं तत्त्व दक्षिणेला किती प्रिय होतं हे १८५० मध्ये दिसलं. पळून गेलेल्या गुलामांना उत्तरेतून पकडून आणण्यासाठी केंद्राचा कडक कायदा हवा, अशी मागणी दक्षिणेनेच केली आणि तो मिळवला. तेव्हा विस्कॉन्सिनसारखी उत्तरेतली राज्यं राज्याच्या अधिकाराची भाषा बोलू लागली. खुर्च्यांची अदलाबदल झाली, युक्तिवाद तेच राहिले. यावरून केंद्र बरं, असा निष्कर्ष काढावा तर १८७३ चा कॉमस्टॉक कायदा आडवा येतो. केंद्राच्या त्या कायद्याने अश्लील साहित्याबरोबर गर्भनिरोधनाची माहितीही टपालातून हद्दपार केली. चार्ल्सटनमध्ये जे काम जमावाने केलं, ते इथे सरकारी निरीक्षकाने शांतपणे, पावती फाडून केलं.

या सगळ्या काळात ज्याच्या नावाने पत्र आलं त्या माणसाचं काय, हे फारसं कोणी विचारत नव्हतं. चार्ल्सटनच्या ज्या पाद्र्याच्या नावाने ते पत्रक होतं, त्याने ते वाचून फाडलं असतं, चुलीत घातलं असतं, किंवा रात्री जागून पुन्हा वाचलं असतं. ती निवड त्याची होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हा माणूस ठळकपणे आला १९६५ मध्ये, लामाँट खटल्यात. परदेशातून येणारा कम्युनिस्ट प्रचार टपालखातं अडवून ठेवत असे, आणि ‘मला हे हवं आहे’ असं कार्ड भरून पाठवलं तरच देत असे. न्यायालयाने हा कायदा रद्द केला. नको असलेला कागद टाकून देणं सोपं असतं. हवा असलेला कागद सरकारदरबारी नाव नोंदवून मागणं हे बहुतेकांच्या हिमतीपलीकडचं असतं, आणि तो कायदा नेमका त्यावर उभा होता.

यावर एक रास्त आक्षेप आहे. टपालातून धमक्या जातात, फसवणूक होते, स्फोटकंही जातात. मग वाहकाने डोळे मिटून सगळं न्यायचं? स्फोटक ही वस्तू आहे, मत नाही. तो प्रश्न सोपा आहे. धमकी आणि फसवणुकीसाठी पाठवणाऱ्याला न्यायालयात उभं करता येतं, विशिष्ट पत्रासाठी विशिष्ट आदेश मिळवता येतो. त्यात कुणीतरी कारण लिहून देतं, सही करतं आणि त्याला आव्हान देता येतं. पोस्टमास्तरने आपल्या समाजाच्या वतीने मनातल्या मनात ठरवण्यात यातलं काहीच नसतं. या मार्गाने काही वाईट पत्रं पोचतील हे मला मान्य आहे. ती किंमत खरी आहे आणि ती कोणा एकाला मोजावी लागते, हेही खरं. तरी दुसऱ्या मार्गाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना तक्रार करायला पत्रही लिहिता येत नव्हतं.

आपल्याकडे हा वाद घटनेनेच मिटवला आहे असं वाटू शकतं. सातव्या अनुसूचीत टपाल आणि तार केंद्र सूचीत, ३१ व्या नोंदीत आहेत. पण १८९८ च्या टपाल कायद्याचं कलम २६ सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी टपाल अडवण्याचा अधिकार केंद्र आणि राज्य अशा दोन्ही सरकारांना देत होतं. १९८६ मध्ये तो अधिकार वाढवणारं विधेयक संसदेने संमत केलं, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केलीच नाही. आता २०२३ च्या नव्या कायद्याच्या कलम ९ नुसार टपाल अडवण्या-उघडण्यासाठी अधिकारी नेमण्याची सत्ता केंद्राकडे आहे. जुन्या कलमात असलेलं राज्य सरकारचं नाव गेलं, पत्र उघडण्याची सोय मात्र राहिली. संघराज्याच्या दृष्टीने हा मोठा बदल असेल. ज्याचं पत्र आहे त्याच्या दृष्टीने फक्त उघडणाऱ्याचा हुद्दा बदलला.

म्हणून केंद्र की राज्य असा वाद कानावर आला की मी आधी दोन गोष्टी विचारते. ‘समाजाला हे नको आहे’ असं म्हणताना त्या समाजात कोणाकोणाला मोजलं आहे? आणि हीच किल्ली उद्या आपल्याला सर्वांत न आवडणाऱ्या माणसाच्या हाती गेली तर चालेल का? दुसरा प्रश्न कॅल्हून यांना अचूक सुचला होता. पहिला त्यांनी कधी विचारला नाही, कारण त्याचं उत्तर त्यांच्या घरात, शेतात राबत होतं.