सुखाची लाज

सुखाचा विषय निघाला की आपली वारकरी मंडळी जरा सावध होतात. विषयसुख क्षणभंगुर आहे, हे मीही नारदाच्या गादीवर उभे राहून पन्नास वर्षे सांगत आलो, आणि त्यातला शब्द मला मागे घ्यायचा नाही. पण विषय कशाला म्हणावे आणि प्रसाद कशाला, हे आपण नीट पारखतो का? हातावर पडलेली खडीसाखर गोडच लागते. ती गोड लागली म्हणून कोणी प्रायश्चित्त घेत नाही.

रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ साली सुरू झालेले. आमच्या देवळात हरिपाठाला येणारी एक मुलगी तेथे पदवीनंतरचे शिक्षण घेते. (मी माळकरी, मासळीच्या गोष्टीत मी तोंड घालणे शोभत नाही. पण हिचा अभ्यास ताटातल्या मासळीचा नव्हे.) भाट्याच्या खाडीचे पाणी बाटल्यांत भरून आणायचे, त्यातला थेंब काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून नुसत्या नजरेला न दिसणारे जीव मोजायचे. दिवसचे दिवस हेच काम.

ती एकदा म्हणाली, "बुवा, मला सुखाची लाज वाटते. आई काजूच्या कारखान्यात बी फोडते, तेलाने तिची बोटं काळी पडलीत. आणि मी संध्याकाळी मैत्रिणींबरोबर टपरीवर चहा पिते, भाट्याच्या पुळणीवर सूर्य बुडेपर्यंत बसते. मला बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच टोचतं."

'वय आहे, मजा कर' असे सांगून मोकळे होता आले असते. 'आधी पदवी घे, मग सुख' असेही सांगता आले असते, आणि वडीलधारे बहुधा तेच सांगतात. मला हे दुसरे उत्तर अधिक घातक वाटते. पदवीनंतर नोकरी, नोकरीनंतर घर. पुढच्या मुक्कामावर ठेवलेले सुख पुढेच सरकत राहते. आळंदीहून पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटर. कळस दिसेपर्यंत आनंद राखून ठेवीन, असे म्हणणारा वारकरी मी पाहिलेला नाही. वाडीवरच्या बाईने दिलेले तांब्याभर पाणी, राहुटीत कोणी रगडलेले पाय, धावत्या अश्वाचे रिंगण, हे सारे वाटेवरच मिळते. मात्र रिंगण आवडले म्हणून कोणी त्या माळावर घर बांधत नाही. सुखाची पारख मी एवढ्यावरच करतो. त्यातून उठून पुढे चालता येते ना?

विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेथे आम्ही मधुकरी मागून शिकलो. झोळीत कधी ऊन भाकरी पडे आणि तिच्याबरोबर ठेचा, तो दिवस सणाचा. थंडीत इंद्रायणीच्या घाटावर पाठीला लागणारे कोवळे ऊन अजून आठवते. आणि आठ दिवस अडून बसलेली ओवी पहाटे एकाएकी उलगडली, की पखवाजाशिवायच पाय थिरकत. ज्ञानोबारायांच्या नऊ हजार ओव्या कोरड्या मनाने कोणाला पाठ होतील? गीतेच्या सहाव्या अध्यायात देव अति खाणाऱ्याला योग नाही म्हणतात, तसेच मुळीच न खाणाऱ्यालाही नाही म्हणतात. आपण पहिला अर्धा भाग जोरात सांगतो.

पण आईचे काय? तिच्या बोटांचा प्रश्न अजून उरतोच. येथे मला कठोपनिषदातला नचिकेता आठवतो. यमाने पुढे केलेले हत्ती, घोडे, सोने, अप्सरा त्याने नाकारल्या, हे सर्वांना ठाऊक असते. त्याने आधी काय मागितले, हे फारसे कोणी सांगत नाही. त्याचा पहिला वर बापासाठी होता. रागावलेल्या बापाचे मन शांत व्हावे, मी परत गेल्यावर त्याने मला ओळखून प्रेमाने बोलावे. यम म्हणाला, तुझा बाप रात्री सुखाने झोपेल. आत्मविद्या मागायला निघालेल्या विद्यार्थ्याने आधी घरच्या माणसाच्या रात्रीच्या झोपेची सोय केली! एवढे साधे सुख त्याला क्षुद्र वाटले नाही.

मुलीला मी म्हटले, "पोरी, तू कष्टी बसलीस म्हणून आईची एकही बी आपोआप फुटणार नाही. तिला जादा पाळी करावी लागेल असा खर्च केलास, तर ते सुख तुझे नव्हे, टाकून दे. पण सूर्य बुडताना बघायला कोणाचे पैसे पडतात? आणि आईला कधी नेलेस का तिकडे?"

ती गप्प राहिली. पुढे सुट्टीच्या दिवशी गुरुजींची परवानगी काढून तिने आईला प्रयोगशाळेत नेले. आईने पदराने चेहरा पुसला, काळी बोटे मागे धरली आणि नळीला डोळा लावला. बराच वेळ तिने तो काढलाच नाही. मग म्हणाली, "गो, हे तर नाचतायत!"