फिलिपचा गुडघा

१९९५ साली युगोस्लाव्हियातून फुटून निघालेल्या एका छोट्या देशाने आपला झेंडा बदलला. झेंडा जेमतेम तीन वर्षांचा होता. लाल रंगावर सोळा किरणांचा सोनेरी सूर्य, आणि भानगड त्या सूर्याचीच होती. उत्तर ग्रीसमधल्या व्हेर्गिना गावाजवळ एका राजाच्या थडग्यात सोन्याची पेटी सापडली होती. तिच्या झाकणावरचा हा सूर्य. त्यापायी, आणि त्याहून जास्त 'मॅसिडोनिया' या नावापायी, १९९४ च्या फेब्रुवारीत ग्रीसने या शेजाऱ्याचा व्यापार रोखला. समुद्रकिनारा नसलेल्या देशाला थेसालोनिकीचं बंदर बंद झालं तर काय होतं, ते सांगायला नको. दीड वर्षाने तडजोड झाली आणि झेंड्यावरचा सूर्य गेला. नावाचं भांडण मात्र २०१८ पर्यंत चाललं.

ज्या पेटीवरून हे रामायण घडलं, तिच्यात हाडं नेमकी कोणाची, याचा वाद मात्र जवळजवळ पन्नास वर्षं मिटलेला नाही.

इ.स.पू. ३३६ मध्ये सिकंदराचा बाप, दुसरा फिलिप, मुलीच्या लग्नसोहळ्यात ऐगाईच्या नाट्यगृहात स्वतःच्याच अंगरक्षकाच्या हातून मारला गेला. ऐगाई ही मॅसिडोनियाची जुनी राजधानी. कारभार पुढे पेलाला हलला, तरी राजांना पुरायचं ते ऐगाईतच. पण ऐगाई होती कुठे? रोमन काळातल्या एका मजकुराच्या आधारे बहुतेक विद्वान एदेसा या गावाकडे बोट दाखवत. १९६८ मध्ये निकोलस हॅमंड या इंग्रज इतिहासकाराने सांगितलं, की ऐगाई म्हणजे व्हेर्गिना. फार कोणी मनावर घेतलं नाही. मानोलिस आंद्रोनिकोस तिथला सुमारे ११० मीटर व्यासाचा मातीचा ढिगारा कित्येक वर्षं उकरत होते. ८ नोव्हेंबर १९७७ रोजी ते एका न लुटलेल्या थडग्यात उतरले. आतल्या दालनात सोन्याच्या पेटीत दहन केलेल्या पुरुषाची हाडं, बाहेरच्या दालनात दुसऱ्या सोन्याच्या पेटीत सोनेरी जांभळ्या वस्त्रात गुंडाळलेली स्त्रीची हाडं, शिवाय शस्त्रं, चांदीची भांडी आणि पायांवर बांधायची, सोन्याचा मुलामा दिलेली काशाची चिलखतं, ज्यांतलं एक दुसऱ्यापेक्षा आखूड. आंद्रोनिकोस म्हणाले, हा फिलिप.

आखूड चिलखताची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फिलिप लढाईत जखमी होऊन लंगडा झाला होता, म्हणून ते आखूड चिलखत त्याचं, असं सुरुवातीला सगळ्यांनी धरलं. पुढे हाडं पुन्हा तपासली गेली. पुरुषाच्या पायात तशी काही खोड नव्हती. २०१५ मध्ये दुसऱ्या एका पथकाने दाखवलं, की डाव्या नडगीचं हाड मोडलेलं होतं ते त्या स्त्रीचं. म्हणजे चिलखत तिचं! धातू तोच, माप तेच, आणि पाय बदलल्याबरोबर कथाही बदलली. त्याच ढिगाऱ्याखाली पहिल्या क्रमांकाचं एक लुटलेलं थडगं आहे, ज्याच्या भिंतीवर पर्सेफोनीच्या अपहरणाचं अप्रतिम चित्र आहे. त्यात एका पुरुषाचा गुडघा जखमेने आखडून हाडाला हाड जुळलेला मिळाला. लगेच काहींनी मांडलं, की लंगडा फिलिप इथे आहे. शेजारची तरुणी म्हणजे त्याची शेवटची बायको क्लिओपात्रा, आणि अर्भक म्हणजे सिकंदराच्या आईने, ऑलिम्पियासने, मारलेलं त्यांचं मूल. अगदी नाटकाला साजेसं कथानक. मग २०२५ मध्ये कार्बन कालमापनाचे निकाल आले. तो पुरुष पंचवीस ते पस्तीस वर्षांचा, आणि फिलिपच्या खुनाच्या किमान वीस वर्षं आधी मेलेला. अर्भकं एक नव्हे, निदान सहा, आणि तीही रोमन काळात कोणीतरी त्या उघड्या पडलेल्या थडग्यात आणून टाकलेली.

सोन्याच्या पेट्यांच्या त्या दुसऱ्या थडग्यात फिलिप नसून त्याचा मुलगा, सिकंदराचा सावत्र भाऊ अऱ्हिडाइओस आहे, असंही एक मत टिकून आहे. मला स्वतःला फिलिपची बाजू जड वाटते. पण बाप की मुलगा, याने मॅसिडोनियन लोक कोण होते, यात तसूभरही फरक पडत नाही. दोघं एकाच घरचे. पुरावा जे छोटे प्रश्न सोडवू शकतो ते सोडवतो, कधी चुकतो, सुधारतो. गोंधळ सुरू होतो तो त्या छोट्या उत्तरांना कोणी मोठ्या प्रश्नाच्या गाड्याला जुंपलं, की.

मोठा प्रश्न असा: प्राचीन मॅसिडोनियन ग्रीक होते का? भाषेपुरतं बोलायचं, तर आता बरंच सांगता येतं. १९८६ मध्ये पेला इथे एका थडग्यात शिशाचा पत्रा मिळाला. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या एका बाईने केलेली करणी त्यावर कोरलेली आहे. तिचा पुरुष दिओनिसोफोन थेतिमा नावाच्या दुसऱ्या बाईशी लग्न करणार, ते होऊ नये म्हणून मेलेल्या माणसाच्या हाती दिलेलं हे गाऱ्हाणं. भाषा ग्रीकच आहे, पण अथेन्सची नाही. वायव्येकडच्या बोलींच्या जवळची. आणि ती दरबारी नाही, हे महत्त्वाचं. राजे अथेन्सची नक्कल करत असतील, पण सवतीवर करणी करणारी बाई कशाला परक्या भाषेत शाप लिहील? त्याशिवाय हेसिखिओसच्या उत्तरकालीन कोशात मॅसिडोनियन म्हणून नोंदलेले शंभराहून अधिक शब्द आहेत, त्यांतले बरेच ग्रीकशी जुळतात, काही अजिबात जुळत नाहीत. 'फिलिप'चा उच्चार तिथले लोक 'ब'ने करत, असंही जुने लेखक नोंदवतात. एकूण झुकाव स्पष्ट आहे: ग्रीकचीच एक उत्तरेकडची, दक्षिणेतल्या कानांना खटकणारी बोली.

पण दक्षिणेतल्या लोकांना तरी प्रश्न भाषेचा होता का? हिरोडोटस सांगतो, की इ.स.पू. पाचव्या शतकाच्या आरंभीचा मॅसिडोनियाचा राजा पहिला अलेक्झांडर ऑलिम्पियात धावायला उतरला तेव्हा इतर स्पर्धकांनी हरकत घेतली: ही स्पर्धा ग्रीकांची, रानटी लोकांची नाही. त्याने काय सिद्ध केलं? आपलं घराणं आर्गोस या ग्रीक नगरातून आलं. पंचांनी मान्य केलं, आणि तो धावला. पंचांनी त्याला बोलून दाखवायला सांगितलं नाही, की त्याच्या प्रजेची चौकशी केली नाही. वंशावळ पटली, विषय संपला. पुढे दीडशे वर्षांनी अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनीस फिलिपला ग्रीक तर नाहीच, धड चांगल्या जागचा रानटीही नाही असं हिणवतो. पण तो अथेन्सच्या सभेत लढाईची हाक देत होता. वंशशास्त्रावर व्याख्यान देत नव्हता. ज्यांना त्याचे शब्द पुरावा म्हणून वापरायचे आहेत, त्यांनी ते निवडणुकीच्या भाषणासारखे वाचावेत.

व्हेर्गिनाच्या ढिगाऱ्यातच साध्या माणसांच्या थडग्यांवरचे मोडके शिलाखंड मिळाले, आणि त्यांवरची नावं बहुतेक सगळी ग्रीक आहेत. यावरून ती माणसंही ग्रीकच, असं अनुमान पुष्कळ जण सहज काढतात. इथे मला कार्ल्याची लेणी आठवतात. तिथल्या खांबांवर धेनुकाकटच्या 'यवन' दात्यांची नावं कोरलेली आहेत, आणि ती सिंहध्वज, धर्म अशा थाटाची. नाशिकच्या लेण्यात तर धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडचा यवन म्हणवतो. नुसत्या नावांवरून यांना कोणी ग्रीक म्हणालं असतं का? मग पेलाच्या पत्र्यासारखा लेख नावांच्या यादीपेक्षा किती भारी पडतो, ते कळतं. आणि हा 'यवन' शब्द तरी कोणाला लावला होता? अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक या यवन राजाच्या पलीकडच्या चार राजांत 'अंतिकिनि' येतो. तो बहुधा मॅसिडोनियाचा अँटिगोनस गोनातास. व्हेर्गिनाचा तो प्रचंड ढिगारा, गॉल भाडोत्री सैनिकांनी थडगी लुटल्यावर, याच अँटिगोनसने उभारला असावा, असं आंद्रोनिकोसचं मत होतं. पाटलिपुत्राहून पाहताना मॅसिडोनियन आणि ग्रीक यांत फरक करायची कोणाला गरजच भासली नसणार.

जागांच्या नावांवर आलो, की दोन्ही बाजू सारख्याच उघड्या पडतात. बाल्कन युद्धांनंतर हा प्रदेश ग्रीसकडे आला आणि १९२० च्या दशकात स्लाव्ह, तुर्की नावं धडाधड बदलली गेली. व्होडेनाचं एदेसा झालं, पोस्टोलचं पेला. व्हेर्गिना हे नाव तर नवंच. कुत्लेस आणि बार्बेस या वस्त्यांजवळ, ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकसंख्येची अदलाबदल झाल्यावर, तिथली कुटुंबं आणि आशिया मायनर, बल्गेरियातून आलेले निर्वासित वसवले गेले, आणि एका दंतकथेतल्या राणीचं नाव गावाला दिलं. आंद्रोनिकोस स्वतःही बुर्साला जन्मलेले. ज्यांनी ग्रीसच्या अखंड परंपरेचं सोनं मातीतून काढलं, त्यांच्या स्वतःच्या पिढीला घरदार सोडून यावं लागलं होतं. त्या सोन्याबद्दलची त्यांची ओढ मला म्हणूनच समजते. व्यापारबंदी समजत नाही.

स्कोप्येची, म्हणजे त्या छोट्या शेजारी देशाची, बाजू याहून शहाणी नव्हती. तिथल्या लोकांची भाषा दक्षिण स्लाव्ह कुळातली. तिची लिपी १९४५ मध्ये ठरली. ओस्मानी काळाच्या शेवटी वाढलेली त्यांची ओळख खरी आहे, आणि तिला सिकंदराची काही गरज नव्हती. तरीही २००६ मध्ये विमानतळाला सिकंदराचं नाव दिलं, २०११ मध्ये मुख्य चौकात घोड्यावर बसलेला प्रचंड योद्धा उभा केला. अधिकृतपणे तो नुसता योद्धा, पण कोण ते शेंबडं पोरही सांगेल. ग्रीसनेही कमी केलं नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये, आर्थिक संकटाच्या ऐन भरात, पंतप्रधान सामारास स्वतः अँफिपोलिसच्या उत्खननावर गेले आणि देशभर राजघराण्यातल्या थडग्याच्या गोष्टी सुरू झाल्या. आत निघाली पाच माणसांची हाडं. त्यांत साठी ओलांडलेली बाई आणि एक नवजात बाळ.

या सगळ्यात मला सर्वांत प्रामाणिक वाटलेला मजकूर इतिहासकारांचा नाही, वकिलांचा आहे. जून २०१८ च्या प्रेस्पा कराराच्या सातव्या कलमात दोन्ही सरकारांनी लिहून दिलं, की 'मॅसिडोनिया' आणि 'मॅसिडोनियन' हे शब्द आपण दोघं वेगवेगळ्या अर्थाने वापरतो. एकाचा संबंध प्राचीन ग्रीक संस्कृतीशी, दुसऱ्याचा त्याच्या स्वतःच्या भूमीशी, लोकांशी आणि स्लाव्ह भाषेशी. भाषा अवघडलेली आहे, पण मुद्दा बरोबर आहे. पुरावा ग्रीसच्या बाजूचा होता. दुसऱ्याला नाव नाकारण्याचा हक्क त्या पुराव्यातून निघत नव्हता. देश उत्तर मॅसिडोनिया झाला, २०२० मध्ये नाटोत गेला, आणि त्याच वर्षी युरोपीय संघाच्या वाटेवर बल्गेरियाने त्याला अडवलं, या वेळी भाषेवरून आणि एकोणिसाव्या शतकातल्या क्रांतिकारकांवरून. १२ मे २०२४ रोजी नव्या राष्ट्राध्यक्ष गॉर्दाना सिल्यानोव्स्का-दाव्कोवा यांनी पदग्रहणाच्या शपथेत देशाला नुसतं 'मॅसिडोनिया' म्हटलं, तेव्हा ग्रीसच्या राजदूत सभागृहातून उठून निघून गेल्या.