दिवसाचा प्लग

मे २०१७मध्ये नागपुरात ओला कंपनीने विजेवर चालणाऱ्या २०० वाहनांचा ताफा रस्त्यावर आणला. टॅक्सी, रिक्षा, बस असे सगळेच त्यात होते. नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस उद्घाटनाला हजर होते आणि देशातला असा पहिलाच प्रयोग म्हणून त्याचे कौतुक झाले. वर्ष सरण्याच्या आत मात्र वेगळ्याच बातम्या येऊ लागल्या. टॅक्सीवाल्यांचे तासन्‌तास चार्जिंगच्या रांगेत जात होते. एका केंद्रापुढच्या कोंडीला वैतागून रहिवाशांनी ते बंद पाडले आणि काही चालकांनी तर गाड्या परत करून डिझेलची वाट धरली.

या अपयशावरून आपण एकच धडा घेतला: केंद्रे कमी पडली, आणखी उभारा. त्यानंतरचे सारे सरकारी धोरण केंद्रांच्या संख्येभोवती फिरत राहिले. २०१९च्या फेम-२ योजनेत दहा हजार कोटींपैकी एक हजार कोटी चार्जिंगसाठी ठेवले गेले. शहरांत तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात किमान एक आणि महामार्गांवर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना एकेक केंद्र, असा निकष ऊर्जा मंत्रालयाने ठरवला. महाराष्ट्राच्या २०२१च्या धोरणाने मुंबईला १,५००, पुण्याला ५००, नागपूरला १५० अशी वाटणीही केली. २०२४ अखेरीस देशातल्या सार्वजनिक केंद्रांची संख्या २५ हजारांवर गेली आणि त्यांत कर्नाटकाखालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक होता. आकडे वाईट नाहीत. पण नकाशावर चौकोन आखून त्यांत टिंबे भरण्याची ही रीत मुळात पेट्रोल पंपाची आहे, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

पेट्रोल टँकरने आणावे लागते, जमिनीखालच्या टाकीत साठवावे लागते आणि पाच मिनिटांत भरून होते. म्हणून पंप वाहत्या रस्त्यावर असतो. वीज घरोघरी आधीच पोचलेली आहे, पण ती गाडीत भरायला वेळ लागतो. म्हणून गाडी जिथे तासन्‌तास उभी असते तिथे चार्जिंगची जागा हवी. तरीही २०२३मध्ये केंद्र सरकारने तीन सरकारी तेल कंपन्यांना ८०० कोटी रुपये मंजूर केले ते पंपांवर ७,४३२ केंद्रे उभारायला. कारण उघड होते. पंपवाल्यांकडे मोक्याची जागा असते, आणि आपल्याकडे जागा मिळाली की निम्मा प्रकल्प झाला असे मानतात. पण जिथे माणूस पाच मिनिटेही थांबायला नाखूश असतो, तिथे त्याने पाऊण तास का बसावे?

आता प्रत्यक्ष खपणारी वाहने पाहा. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात जवळपास वीस लाख विजेची वाहने विकली गेली. त्यांत मोटारी लाखभरच, बाकी बहुतेक दुचाकी आणि तीनचाकी. स्कूटरची बॅटरी तीन-चार युनिटांत भरते. तिला साठ किलोवॅटचे कपाटाएवढे यंत्र लागत नाही. पंधरा अँपिअरचा सॉकेट, बरा अर्थिंग आणि रात्रभराचा किंवा दिवसभराचा निवांतपणा पुरतो. ऑक्टोबर २०२४पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ही जाणीव थोडी दिसते. तिच्यातल्या ७२,३०० नियोजित चार्जरांपैकी ४८,४०० दुचाकी-तीनचाकींसाठी आहेत. मोटारींच्या वाट्याला २२,१०० आणि बसगाड्यांच्या वाट्याला १,८००. पण हेही वेगवान चार्जरच आहेत. साधा सॉकेट या अनुदानाच्या मोजणीत येतच नाही, कारण त्याची फीत कापता येत नाही.

महामार्गावरचे वेगवान चार्जर नकोत असे कोणी म्हणणार नाही. रस्त्यात अडकण्याची भीती खरी आहे आणि तिच्यामुळेच कित्येक जण मोटार घ्यायचे टाळतात. मात्र या जाळ्याचा आकार कशावरून ठरवायचा? गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर जी गर्दी उसळते तिला पुरतील इतके चार्जर लावले, तर उरलेले वर्षभर त्यांतले बहुतेक धूळ खात पडतील आणि त्यांच्या मंजूर भारापोटी मागणी आकार मात्र केंद्रचालकाला अनेक ठिकाणी दरमहा भरावाच लागेल. इथे संख्येपेक्षा खात्री महत्त्वाची: यंत्र चालू असेल ना, पैसे भरता येतील ना. युरोपीय संघाने एप्रिल २०२४पासून नव्या वेगवान चार्जरांवर कोणत्याही सभासदत्वाशिवाय कार्डाने पैसे घेणे सक्तीचे केले. आपल्याकडे टपरीवरचा चहा यूपीआयने मिळतो, पण चार्जरपुढे उभे राहिले की आधी अमुक कंपनीचे अॅप घ्या, त्याच्या पाकिटात आगाऊ पैसे टाका. सगळ्यांसाठी एकच अॅप आणण्याचे काम आता भेलकडे दिले आहे.

संख्येच्या मागे लागल्याने काय होते त्याचा नमुना आपल्याच घरात आहे. सुरुवातीच्या सरकारी खरेदीतल्या मोटारींसाठी पंधरा किलोवॅटचे ‘भारत डीसी-००१’ हे मानक ठरले आणि त्याचे चार्जर ठिकठिकाणी बसले. पुढे मोटारी सीसीएस-२ या मानकाकडे वळल्या आणि ते चार्जर केवळ मोजणीपुरते उरले. यंत्र बसले पण वीजजोड नाही, ही आणखी एक तऱ्हा. जागा एकाची, यंत्र दुसऱ्याचे, लाइन महावितरणची. तिघांच्या तारखा जुळेपर्यंत यंत्राची वॉरंटी झिजत जाते. अमेरिकेतही हेच झाले. नोव्हेंबर २०२१च्या कायद्याने पाच अब्ज डॉलर महामार्गांवरच्या चार्जिंगला दिले आणि त्या पैशांतले पहिले केंद्र ओहायो राज्यात डिसेंबर २०२३मध्ये सुरू झाले. म्हणून अनुदान यंत्र उभारल्याबद्दल न देता यंत्र चालू राहिलेल्या तासांबद्दल हप्त्याहप्त्याने द्यावे. महिन्यातून दहा दिवस बंद असलेल्या चार्जरचे पैसे कापले गेले, तर दुरुस्तीचा माणूस आपोआप वेळेवर येईल.

घराजवळच्या चार्जिंगचे दुखणे निराळे आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम दुरुस्त झाले आणि सोसायटीतल्या सभासदाला गाडीसाठी वेगळा वीजजोड मागता येऊ लागला. कागदावर प्रश्न सुटला. प्रत्यक्षात कमिटीची एनओसी, जुन्या इमारतीचा अपुरा मंजूर भार, मीटर खोलीपासून पार्किंगपर्यंत केबलचा खर्च कोणी करायचा आणि आग लागली तर जबाबदार कोण, हे चार प्रश्न वार्षिक सभेत वर्षानुवर्षे पुढे ढकलले जातात. कमिटीवाले दुष्ट असतात असे नाही. ते फुकट काम करणारे, बहुधा निवृत्त लोक असतात आणि बॅटरीच्या आगीचा व्हिडिओ त्यांनीही पाहिलेला असतो. महापालिकेने किंवा महावितरणने प्रमाणित केलेली एक ठरावीक जोडणी, तिचा ठरलेला खर्च आणि तपासणीचा दाखला एवढे हाती आले, तर निम्म्या कमिट्या हरकत घेणार नाहीत.

आणि सोसायटीसुद्धा नशीबवानांची. चाळीत, गावठाणात, वस्तीत राहणाऱ्याची गाडी गल्लीत उभी असते. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडायची किंवा सार्वजनिक चार्जर गाठायचा, एवढेच मार्ग त्याच्यापुढे आहेत. घरच्या विजेवर जीएसटी नाही. सार्वजनिक चार्जिंग मात्र ‘सेवा’ ठरल्याने तिच्यावर १८ टक्के. गाडीवर पाच टक्के कर लावून सरकार ती घ्यायला सांगते आणि जिच्याकडे स्वतःची पार्किंग नाही त्या भाजीवालीच्या तीनचाकीला तीच वीज महाग पाडते. यात हरित असे काय आहे, ते मला अजून कळलेले नाही.

यावर उपाय शोधताना मला एसटीडी-पीसीओचे पिवळे बूथ आठवतात. सॅम पित्रोदांच्या काळात ते देशभर पसरले तेव्हा कोणी नकाशावर तीन किलोमीटरचे चौकोन आखले नव्हते. मीटर लावला, दुकानदाराला दर मिनिटामागे वाटा दिला आणि बूथ कुठे चालेल हे त्याच्यावर सोडले. अपंगांना प्राधान्य मिळाले आणि हजारो घरांना रोजगार झाला. चार्जिंगलाही असे होऊ देण्याचा कायदेशीर रस्ता एप्रिल २०१८मध्येच मोकळा झाला होता. चार्जिंग म्हणजे विजेची विक्री नव्हे तर सेवा, म्हणून तिला परवाना लागत नाही, असे ऊर्जा मंत्रालयाने तेव्हा स्पष्ट केले. पण सार्वजनिक केंद्राचे निकष मोठ्या कंपनीला डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले. वेगळा जोड, वेगळी दरश्रेणी, ऑनलाइन नेटवर्कशी करार, यांतून वाट काढणे गॅरेजवाल्याला आणि किराणा दुकानदाराला जमत नाही. दहा किलोवॅटच्या आतल्या सॉकेटांसाठी एक पानी अर्ज आणि सीलबंद मीटर पुरे, असे ठरले तर जाळे खालून विणले जाईल. रिक्षांसाठी बॅटरी बदलून देण्याची दुकाने त्यात आपली जागा शोधतील. त्यांच्यासाठी वेगळे धोरण लिहीत बसण्याची मला गरज दिसत नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे त्या ‘हरित’ वाढीकडे येऊ. देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशापासून होते, पण ही सरासरी आहे. दुपारी राजस्थान-गुजरातचे आणि आता आपलेही सौर प्रकल्प भरात असतात तेव्हा ग्रिडमध्ये सूर्याचा वाटा मोठा असतो. संध्याकाळी सातनंतर तो शून्यावर येतो आणि सारा भार कोराडी, चंद्रपूर, भुसावळवर पडतो. म्हणजे तीच गाडी दुपारी चार्ज केली तर बऱ्यापैकी उन्हावर चालते आणि रात्री नऊला केली तर मुख्यतः कोळशावर. गाडी कधी चार्ज होणार हे मालकाच्या सद्‌हेतूपेक्षा प्लग कुठे आहे यावर ठरते. घरचा प्लग रात्रीचा, कामाच्या ठिकाणचा दिवसाचा. नॉर्वेत २०२४मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के विजेच्या होत्या आणि त्या बहुधा रात्री घरीच चार्ज होतात. पण तिथली जवळजवळ सारी वीज पाण्यापासून होते, तिला रात्र-दिवस सारखेच. नॉर्वेचा कित्ता आपण जसाच्या तसा गिरवला, तर पेट्रोलचा धूर शहरातून काढून चंद्रपूरला पाठवल्यासारखे होईल.

हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. शेतीपंपांना दिवसा वीज द्या ही मागणी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली, कारण रात्री पाणी द्यायला जाणे म्हणजे साप, विंचू आणि थंडी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत १६ हजार मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवून हा भार आता उन्हाकडे सरकवला जातो आहे. वाहनांचा भार त्याच रांगेत उभा करता येईल. तेही शेतीच्या वाट्याचे सौर मेगावॅट न ओढता, कारण पावसाळ्यात पंप थांबतात, गाड्या थांबत नाहीत. सप्टेंबर २०२४च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दर सुचवला आहे. विचार नेमका आहे. पण हा दर केंद्रचालकाला कळतो. चाकणच्या कारखान्यात सकाळी आठला स्कूटर लावून संध्याकाळी पाचला बाहेर पडणाऱ्या कामगाराला त्याचा काय उपयोग, जर त्या पार्किंगमध्ये सॉकेटच नसेल? एमआयडीसीतल्या गाडीतळांवर, महाविद्यालयांत, बाजार समित्यांत, लोकल स्टेशनांबाहेरच्या पे-अँड-पार्कमध्ये गाड्या बिनकामाच्या उभ्या असतात त्या नेमक्या उन्हाच्या वेळी. सार्वजनिक पैसा आधी इथल्या केबलवर जायला हवा.

त्याच न्यायाने एसटीचे आगार. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ आली. पुढे ५,१५० विद्युत बस भाड्याने घेण्याचा करार झाला, पण गाड्या मात्र रखडतच आल्या. विद्युत बसचे गणित गाडीपेक्षा आगारात जास्त अडते. पन्नास बसगाड्यांच्या आगारात निम्म्या गाड्या एकाच वेळी १२० किलोवॅटने चार्ज होऊ लागल्या, तर तीन मेगावॅट लागतात. त्यासाठी उच्चदाब लाइन, कधी स्वतंत्र उपकेंद्र. एवढा भार एकदा गावाच्या मध्यवस्तीत आणला की दुपारी फेऱ्या विरळ असताना बसगाड्यांना उन्हाची वीज देता येते आणि उरलेल्या क्षमतेवर स्थानकाबाहेरच्या रिक्षांनाही. तालुक्याच्या गावाला याहून चांगले चार्जिंग केंद्र सापडणार नाही: जागा सरकारी, रखवाली आहे, कँटीन आहे, वर्दळ पहाटेपासून आहे. मात्र ही लाइन बसपुरवठ्याच्या कंत्राटात दडवली, तर ती त्या कंत्राटाच्या हिशेबानेच आणि त्याच्या मुदतीपुरतीच आखली जाईल. तिचा खर्च महावितरणच्या भांडवली आराखड्यात उघड दाखवावा, वीज नियामक आयोगापुढे त्याची सुनावणी व्हावी आणि कोणत्या आगाराला कोणत्या वर्षी किती भार मिळणार याची यादी बस यायच्या आधी प्रसिद्ध व्हावी.