मागे फिरण्याची मुभा

घडलेले कर्म परत घेता येत नाही, या एका अनुभवावर आपला बहुतेक नीतिविचार उभा आहे. पश्चात्ताप, प्रायश्चित्त, क्षमा या सर्व कल्पनांचे मूळ तेथेच सापडते. परंतु कन्सोलवरील खेळात माणसाने असे एक लहानसे जग निर्माण केले आहे की जेथे हा नियम चालत नाही. तेथे झालेली प्रगती ‘सेव्ह’ करून ठेवता येते, आणि पुढे चूक झाली तर ‘लोड’ करून चुकीच्या अलीकडे येता येते. अशा जगात जबाबदारीला काही अर्थ उरतो काय, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

ही मुभा आरंभी फार महाग होती. 1986 साली जपानात निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये प्रगती साठविण्याची सोयच नव्हती. खेळातील राजा खेळाडूला वीस अक्षरे सांगे; ती कागदावर उतरून घ्यायची आणि पुन्हा खेळताना जशीच्या तशी भरायची. तिला नाव होते ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’. एक अक्षर चुकले की मंत्र निष्फळ! 1987 साली अमेरिकेत आलेल्या ‘झेल्डा’च्या कार्ट्रिजमध्ये बटणाएवढी बॅटरी बसविलेली होती; ती जिवंत असेतो स्मृती जिवंत. पुढे सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनचे मेमरी कार्ड आले. त्यात प्रत्येकी आठ किलोबाइटांचे पंधरा कप्पे खेळांच्या वाट्याला येत.

एवढ्याशा जागेत सारे जग मावत नाही. म्हणून काय राखावे आणि काय सोडावे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठरवावे लागते. कोणते दार उघडले, कोणाला मारले, गाठीशी किती सोने आहे, हे राहते. दारापाशी खेळाडू किती वेळ घुटमळला, हे बहुधा राहत नाही. कृतीची नोंद होते, संकोचाची होत नाही. चित्रगुप्ताची वही याहून निराळी असावी, अशी आपली श्रद्धा असते.

कोणी म्हणेल, खेळात खऱ्या अर्थाने कोणाचेच नुकसान होत नाही. मूल पाटी पुसून पुन्हा गिरवते, तसेच हे. हा आक्षेप रास्त आहे. शिकण्यासाठी पुसण्याची मुभा हवीच. परंतु पाटी पुसली गेली तरी गिरविणारा हात पूर्वीचा राहत नाही. लोड केल्याने खेळातील जग मागे जाते, खेळाडू मात्र जात नाही. ‘अंडरटेल’ (2015) या खेळाने हे मर्म नेमके ओळखले. त्यात आईच्या मायेने सांभाळणाऱ्या एका पात्राला खेळाडूने मारले, आणि मग मागे फिरून तिला जीवदान दिले, तर पुढे दुसरे एक पात्र त्याला त्या पुसलेल्या हत्येची आठवण करून देते. ती हत्या त्या जगात आता घडलेलीच नसते. तरी ती करणारा समोर बसलेला असतो.

येथे परत फिरणे आणि पश्चात्ताप पावणे यांतील भेद स्पष्ट होतो. परत फिरणारा परिणाम टाळतो. पश्चात्ताप पावणारा परिणाम स्वीकारून स्वतःला बदलतो. पहिल्यास केवळ साठविलेली नोंद पुरते, दुसऱ्यास स्वतःची स्मृती लागते.

2017 सालच्या ‘नीअर: ऑटोमाटा’ या खेळाच्या एका शेवटात खेळाडूपुढे विलक्षण मागणी ठेवली जाते: अनोळखी खेळाडूला साहाय्य व्हावे म्हणून तू आपली साठविलेली सारी प्रगती कायमची पुसून टाकशील काय? होकार दिला तर अनेक तासांचे श्रम नाहीसे होतात, आणि ज्याला मदत झाली त्याची भेटही होत नाही. नकार देण्याची पूर्ण मोकळीक असते. ज्या जगात सर्व काही परत मिळते, तेथे हे एकच कर्म परत न मिळणारे आहे. आणि म्हणूनच, आमच्या मते, त्याला दान म्हणता येते.

तात्पर्य, मागे फिरण्याच्या मुभेने जबाबदारी नाहीशी होत नाही. ती नोंदीतून निघून, ज्याला आठवते त्याच्यापाशी येऊन थांबते.